पळूनही अडतीस

सोमवार, ६ ऑक्टोबर

नाडी पंचेचाळीस! अंथरुणात पडल्या पडल्या, घड्याळ समोर धरून दोनदा मोजली. कॉलेजात पळायचो तेव्हाही पन्नासाच्या खाली कधी उतरली नव्हती. लोक या वयात गंजतात — आणि इथे मशीन नवं होत चाललंय.

हिला उठवून सांगितलं. ‘बरं’ म्हणाली आणि कूस बदलली. हिची स्वतःची नव्वद, एक जिना चढली की धाप. तिला काय कौतुक असणार!

बुधवार, ८ ऑक्टोबर

ऑपरेटरबरोबर कालव्याच्या रस्त्याने पळालो. बँकेत टेलिफोनवर बसते म्हणून तिला ऑपरेटर म्हणतो, तिलाही ते आवडतं. तिला दिसत नाही हे मी हल्ली विसरूनच जातो. तिच्या भावाची बदली झाली तेव्हापासून तिला पळवण्याचं काम माझ्याकडे आलं. दोघांच्या मनगटांना हातभर दोरी, आणि मी बोलत राहायचं — खड्डा, वळण, सायकलवाला, चढ. तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली, पण माझं इतकं मन लावून कुणी ऐकलं नाही.

शर्यत सव्वीसला. दहा किलोमीटर. तिची पहिलीच. बँकेतल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय तिने.

शनिवार, ११ ऑक्टोबर

पुलाच्या चढावर क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी आली. सकाळी नुसत्या चहावर निघालो होतो, त्याचंच हे. उद्यापासून केळं खाऊन निघायचं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

परस्पर हिच्या गोळ्या आणायला औषधांच्या दुकानात गेलो. दुकानदार माझाच विद्यार्थी, लांब उडीत वाळूपर्यंतसुद्धा पोचायचा नाही. नुकताच पळून आलो होतो, घाम टिपत होतो. गंमत म्हणून हात पुढे केला, म्हटलं बघ तुझ्या सरांची नाडी.

त्याने मोजली. पुन्हा मोजली. मग यंत्र लावलं. अडतीस! मी टाळीसाठी हात वर केला. त्याने टाळी दिली नाही.

“सर, झोपेतून उठल्यावर अडतीस असती तर एक वेळ समजलो असतो. तुम्ही पळून आलाय. आत्ता ती शंभराच्या पुढे हवी.”

मी म्हटलं, कसलेलं हृदय असं उठसूट धडधडत नाही.

“पाय जास्तीचं रक्त मागतायत आणि हृदय ते देतच नाहीये, सर. आजच ईसीजी काढून घ्या.”

गोळ्या घेऊन निघालो. उंटावरून शेळ्या हाकायला याचं काय जातंय! आयुष्यात कधी मैदानाला एक फेरी पुरी केली नाही याने.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

शेवटी त्याने हिला फोन केलाच. चुगलखोर. शाळेतही तसाच होता.

रात्रीचं जेवण झालं. मग ही सुरू झाली ती थांबेना. साठी बुद्धी नाठी म्हणतात ते काही खोटं नाही, अर्ध्या तासाच्या तपासणीला एवढी काय टाळाटाळ, आधी तपासून घ्या आणि मग पळा वाटेल तेवढं. मी सत्तावीसचा वायदा केला. शर्यत झाली की दुसऱ्याच दिवशी, तिच्यासोबत, मुकाट्याने. ती उठून ताटं घेऊन आत गेली.

इथे खरं लिहायला हरकत नाही. ईसीजीला मी भीत नाही. त्यात काही वावगं निघालं तर हे सगळे मिळून मला खुर्चीत बसवतील, त्याला भितो. आमचे निवृत्त मुख्याध्यापक बसलेत तसे, गुडघ्यांवर शाल घेऊन. आणि ऑपरेटरला काय सांगू? दहा दिवसांवर शर्यत आलीये, आता दुसरं कोण मिळणार तिला?

सोमवार, २० ऑक्टोबर

छत्तीस. हिला सांगितलं नाही.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

न्हाणीघरात पडलो. कपाळाला टेंगूळ. ही धावत आली. साबणावरून पाय सरकला असं सांगितलं. तिने बर्फ लावला.

साबण कोरडाच होता, वरच्या फळीवर. तो मला नंतर दिसला. तिला आधीच दिसला असणार.

बुधवार, २२ ऑक्टोबर

दिवसभर जिना उतरलो नाही. घोट्यांना सूज आहे, मोज्यांचे वळ तासभर जात नाहीत. ही आपल्या बहिणीशी फोनवर हळू आवाजात बोलत होती. मी खोलीत गेल्यावर हवापाण्याचं बोलू लागली.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

आज शेवटचा सराव — आणि झकास झाला! कालच्या विश्रांतीने फरक पडला. एकदाही डोळ्यांपुढे अंधारी नाही. पुलाचा चढ एका दमात काढला, सबंध वेळ बोलत होतो, धापसुद्धा लागली नाही. परतताना वाटलं, वाट वाकडी करून त्या औषधवाल्याला तोंड दाखवून यावं.

ऑपरेटरच जरा गप्प होती. निघताना विचारलं तिने, सर, नीट जेवता ना? रात्री झोप लागते ना? मी हसलो. पहिल्या शर्यतीआधी पाचावर धारण बसतेच, माझीही बसली होती. तिला म्हटलं, रविवारी माझ्या आवाजाला धरून चल, बाकी सगळं माझ्यावर सोड.

शनिवार, २५ ऑक्टोबर

संध्याकाळी ऑपरेटर आली. रिक्षा करून, एकटी. मला वाटलं शर्टावर लावायचा नंबर न्यायला आली. बसली नाही, दारातच उभी राहिली.

“सर, उद्या मी पळणार नाही. तुम्हीही पळू नका. परवा चढावर बोलता बोलता तुमचा आवाज बंद झाला आणि तुम्ही माझ्या अंगावर कोसळलात. मी तुम्हाला कठड्याला टेकवून धरलं. मनगट चाचपलं, ठोकाच लागेना. मी दहापर्यंत मोजलं. मग तुम्ही ‘चल, वळण आलं’ म्हणालात आणि पळायला लागलात. असं चौथ्यांदा झालंय. सांगितलं असतं तर तुम्ही पळायचं सोडलं असतं, मग मला कोणी नेलं नसतं, म्हणून मी बोलले नाही. माझं चुकलं, सर.”

ती रडत होती. मागे ही कधी येऊन उभी राहिली कळलं नाही.

परवाचा चढ मला पायथ्यापासून माथ्यापर्यंत आठवतो. मी सबंध वेळ बोलत होतो.