बाबांची तिरपी काप

स्कारवेथ,
मंगळवार

प्रिय गिल,

तुझं पत्र गेल्या आठवड्यात मिळालं. उत्तर लगेच धाडायला हवं होतं, पण तुला माहीत आहे, माझ्या हातात लेखणीपेक्षा फावडं बरं बसतं. तुझ्या पॉलीनचे पुढचे दोन्ही दात पडले हे ऐकून बाबा खूप हसले. "आपल्याच घराण्यातली शोभते," म्हणाले आणि स्वतःचं बोळकं उघडून दाखवलं. मग पुन्हा वाच म्हणाले, आणि पुन्हा. शनिवारी तिला खांद्यावर बसवून पलीकडच्या होल्मगार्थच्या किनाऱ्यावरून निघेन आणि वाळू तुडवत मागच्या दाराने घरी येईन, असं तू लिहिलंयस ना, त्या ओळीला तर त्यांनी दर वेळी मांडीवर थाप मारली. खाडीला वळसा घालून येणारी आगगाडी पाहुण्यांसाठी, घरचं माणूस वाळूवरून येतं, ही आपल्याकडची जुनी रीत. आजोबांनी बाबांना तसंच खांद्यावरून आणलं होतं आणि बाबांनी तुला. मला मात्र चालवत आणलं. त्याचा राग अजून आहे, पण तो असू दे.

इकडची तुला न कळवलेली बातमी म्हणजे वाळूवरून लोकांना पार न्यायला वाटाड्या नेमणाऱ्या आपल्या ट्रस्टला नवीन सेक्रेटरी मिळालाय. प्रॉक्टर त्याचं नाव. शहरातून आलेला, बुटांना पॉलिश. त्याने आल्या आल्या पाटी रंगवून घेतली आणि 'सँड्स ट्रस्ट'मधला अनेकवचनाचा 'स' उडवून केलं 'सँड ट्रस्ट'. म्हणे जुन्या रंगाऱ्याची चूक असणार. मला हसूच आलं. तू गुड्स यार्डात, ईडिथमावशी सेव्हिंग्ज बँकेत, तिचा नवरा वर्क्स बँडमध्ये बिगूल फुंकतो. या देशात एकाने कुणाचं भागत नाही, पाटीवर सगळं ढिगाने लागतं, मग आमचीच वाळू का छाटायची? पण बाबा हसले नाहीत. काठी टेकत थेट कचेरीत गेले. "अरे शहाण्या, वाळू एकच असती तर वाटाड्या कशाला पाळला असता तुम्ही? समुद्र दिवसातून दोनदा येतो, जुनी घेऊन जातो आणि नवी टाकून जातो. कालची वाळू काल गेली. जो तिला एक समजला तो बुडाला." प्रॉक्टरने निमूटपणे पाटी परत रंगवली. ही गोष्ट झाली मागच्या शरदात. बाबांचे हे शब्द लक्षात ठेव गिल, पुढचं वाचताना लागतील.

जानेवारीतल्या वादळानंतर वाळूतून वाहणाऱ्या नदीने कूस बदलली. वाहत होती पूर्वेकडून, ती आता काळ्या खडकाच्या अंगाने वाहते. म्हणजे आपण लहानपणी जिथून नाचत यायचो, बरोबर तिथून. पाणी फार नाही, पण तिच्या दोन्ही काठांची वाळू वरून कडक दिसते आणि आत पेजेसारखी आहे. मी लोकांना आता फार लांबून, उत्तरेकडून फिरवून आणते. त्याच वाटेवर खुणेसाठी मी लॉरेलच्या झुडपाच्या फांद्या रोवलेल्या आहेत. त्यावरून खानावळीत माझी थट्टा चालायची. कोळंबीवाला जॉस टॉमलिन तर रोज म्हणायचा, "ॲगी, बाईमाणसाला सरळ रेघ ओढता येत नाही का गं? तुझ्या वाटेने चाललो तर माझी कोळंबी बाजारात पोहोचेपर्यंत म्हातारी होईल!" ट्रस्टच्या बुजुर्गांनी बाबांच्या जागी मला वाटाड्या नेमलं तेही 'तूर्तास' म्हणून. तू परत येशील अशी त्यांना अजून आशा आहे.

जॉस आता थट्टा करत नाही. गेल्या गुरुवारी धुकं होतं आणि तो गाडी घेऊन जाळ्यांकडे निघाला. त्याला एक फांदी दिसली, पुढे दुसरी दिसली, तो त्यांच्या मागे गेला आणि काळ्या खडकापाशी घोडी रुतली. बेस आठवते ना, पांढऱ्या कपाळाची? त्याने पट्टे कापले, पोटाखाली फळ्या घातल्या, पण ती जितकी धडपडली तितकी आत गेली. भरती आल्यावर त्याला तिला सोडून पळावं लागलं. किनाऱ्यावर येऊन तो माझ्यावर ओरडला, "फांदी का ठेवलीस तिथे? कुणाच्या जिवावर उठली आहेस?" मी त्या बाजूला एकही फांदी रोवली नव्हती. तसं सांगितलं, तर त्याने बेसचे कापलेले पट्टे माझ्या पायाशी टाकले आणि तो चालता झाला. ते पट्टे माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाहीत.

पुढच्या ओहोटीला मी तिथे गेले. बेसचा मागमूस नव्हता, वाळू इस्त्री केल्यासारखी सपाट होती. फांदी मात्र उभी होती. मी ती उपटून बुंधा पाहिला. काप तिरपी होती. लांब, तिरपी, एका झटक्यात मारलेली, वाळूत सहज शिरावी म्हणून. माझी काप आडवी असते, तू तिला 'केकाचा तुकडा' म्हणून चिडवायचास. बाबा आपल्याला ओल्या वाळूवर उभं करून काय सांगायचे, आठवतं? "फांदी कुणीही रोवेल. बुंधा वर ओढून काप बघितल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. आणि आपली काप दिसली तर डोळे मिटून या." मी स्वतःची समजूत घातली की ही जुनी राहिलेली असेल. पण पानं टवटवीत हिरवी होती आणि काप हाताला ओलसर, चिकट लागत होती. जॉस मागे येऊन उभा होता. त्यानेही ती काप पाहिली. चाळीस वर्षं तो बाबांच्या फांद्यांवर भरवसा ठेवून जगला आहे. तो एवढंच म्हणाला, "म्हाताऱ्याला सांभाळ, पोरी," आणि निघून गेला.

मी तुला आजवर लिहिलं नाही, कारण लिहिलं की ते खरं होईल असं वाटायचं. बाबा आईचा कप टेबलावर मांडतात. लढाईच्या काळात मेलेल्या घोड्याला दाणे घातलेस का म्हणून मला विचारतात. डॉक्टर म्हणतात, वय झालं, चालायचंच. एरवी ते शांत आहेत, छान जेवतात, माझ्या सुपाला नावं ठेवतात. पण परसातल्या लॉरेलचं कुंपण समुद्राच्या बाजूने भुंडं झालंय आणि सकाळी त्यांच्या विजारीचे काठ ओले असतात. मी कोयता लपवला, त्यांनी पाव कापायची सुरी घेतली. बूट लपवले, ते अनवाणी गेले. दाराला कुलूप घातलं तर खिडकीतून उतरले, या वयात! परवा मी लांबून त्यांच्या मागे गेले. तळव्याने वाळू चाचपत, मऊ लागली की अंग तिरकं करून बाजूला होत, ते माझ्यापेक्षा सफाईने चालत होते. त्यांचे पाय चुकत नाहीत, गिल. पण फांदी रोवायची वेळ आली की मान वर करतात, चर्चचा मनोरा आणि काळा खडक एका रेषेत धरतात आणि हात लांब करून जुन्या जागी रोवून येतात. मी त्या उपटते. दुसऱ्या ओहोटीला नव्या उभ्या असतात. धुकं असलं की सगळ्या मला सापडत नाहीत. ट्रस्टला सांगितलं तर बाबांना सरकारी वृद्धाश्रमात नेतील, आणि तिथल्या खिडकीतून समुद्र दिसत नाही. आता तरी हे मनातच ठेव.

तुला तारच करणार होते. पण 'वाळूवरून येऊ नकोस' एवढ्यावर तू थांबणाऱ्यातला नाहीस. ॲगी पहिल्यापासून भित्री, म्हणशील आणि निघशील. समोर माझ्या आणि बाबांच्या अशा दोन फांद्या दिसल्या, तर तू बाबांचीच वाट धरशील, याची मला खात्री आहे. मीसुद्धा तेच केलं असतं. म्हणून एवढं सगळं लिहिलं. आज सकाळी मी त्यांना त्यांच्या सुरीसकट दारात गाठलं आणि रडून विचारलं, का करता हे? त्यांनी माझे डोळे पुसले. म्हणाले, "अगं, गिल येतोय ना शनिवारी. पोर लहान आहे, खांद्यावर अवघडेल. तुझी वाट फार लांबची. म्हणून मी त्याला जवळची आखून देतोय. तो माझी काप ओळखतो." शपथ आहे तुला, आगगाडीने ये. आणि सकाळच्या पहिल्या गाडीने ये, दुपारच्या नको. शनिवारी बाबा बांधावर उभे राहणार, त्यांना तिथून कुणी हलवू शकणार नाही. पोरीसाठी लोण्यातल्या कोळंबीची वाटी हातात धरून ते काळ्या खडकाकडे बघत बसतील. तुला उशीर झाला तर त्यांच्या डोळ्यांदेखत भरती येईल, त्यांच्या फांद्या एकेक करून बुडतील आणि तुम्ही दोघं त्यांना कुठेच दिसणार नाही. पाणी चढायच्या आत पॉलीनला गावाच्या बाजूने, त्यांच्या पाठीमागून पाठव आणि त्यांचा हात धरायला सांग.

वाट पाहणारी,
तुझीच,
ॲगी