कपाशीत पडलेला काळा गोळा

बाई, काल शिंदखेड्याजवळच्या आमच्या शेतात आभाळातून एक गोळा पडला आणि तो मी जळगावात बसून, मोबाइलवरच्या फोटोवरून ओळखला! तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कधी एकदा तुम्हाला सांगते असं झालंय.

मी बँकेत नोकरी करते, पण माझं वेड निराळंच आहे. जगभरातले काही हौशी लोक रॉकेटच्या, यानांच्या भागांचे अगदी जवळून काढलेले फोटो टाकतात आणि बाकीच्यांनी ते कशाचे ते ओळखायचं. घरचे हसतात. काल रविवार, मी जेवायला बसले आणि चुलतभावाचा फोन आला. "अक्का, कपाशीमा काईतरी पडनं वं. बठ्ठं गाव गोया व्हयेल शे. लोके म्हनतस, बॉम्ब शे." मागून, जमलेल्या गावातलं कुणीतरी ओरडत होतं, "फोडी टाका!" काका पहार घेऊन उभे होते म्हणे. मी म्हटलं, "कोणी हात लावू नका. लांबूनच झूम करून फोटो काढ."

फोटो आला. पडदाभर नुसतं काळं. आणि मला आपला सातवीचा वर्ग दिसला. तुम्ही पुठ्ठ्याला भोक पाडून त्याच्यामागे काहीतरी धरलं आहे, भोकातून जेमतेम तुकडा दिसतोय, आणि मी घाईघाईनं ओरडते, "चाक!" तुम्ही चष्म्यावरून बघता. "नाव विचारलं का मी? दिसतं काय, ते सांग." सगळा वर्ग हसतो. होती शिवणयंत्राची बॉबिन. तुमचा काय राग आला होता मला त्या दिवशी!

काल ताट बाजूला सारून मी दिसतं ते मोठ्यानं बोलत गेले. केसांसारखे काळे धागे. तिरके, एकमेकांवरून घट्ट गुंडाळलेले. कुठे कुठे जळून सुटलेले, खाली धातूची चकाकी. "टोकाचा पाठव," म्हटलं. टोकाला तुटलेली, चेपून बंद झालेली बारीक नळी. बॉम्बला कोण असे धागे गुंडाळेल? ही तर रॉकेटमधली, प्रचंड दाबानं वायू भरायची टाकी! मी ताडकन उठले. आत दाब उरला असेल तर पहारीचा एकच घाव पुरे. "काकांना दे फोन! काका, पहार खाली ठेवा. रॉकेटनी टाकी शे ती. फुटनी ते कोनी वाचाव नई."

"तुले तठे बशीसन कसं समजनं वं?" काका म्हणाले. पण पहार ठेवली, लोकांना बांधापलीकडे हटवलं. संध्याकाळपर्यंत पोलीस आले. आज दुपारी तपासायला आलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं, टाकीच आहे, आणि हात लावला नाहीत ते फार बरं केलंत.

काका आता येईल त्याला, ती कशी ओळखायची ते समजावून सांगताहेत. बँकेत साहेबांनी पेढे वाटले. मी एकही धड खाल्ला नाही, घरी येऊन हे लिहायला बसले. हे टपालात पडायचं नाही, ठाऊक आहे. माझी पन्नाशी उलटली, बाई, तरी खरं सांगू? तुम्ही एकदा नुसतं "बरोबर" म्हणायला हवं होतं.