दोनशे चौदा पायऱ्या

दि. १९ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. नमस्कार.

इकडे मी ठीक आहे. थंडी यंदा लवकर आली, पण तब्येतीची तक्रार नाही. तुझा गुडघा कसा आहे? दुकानात दिवसभर उभं राहून चष्मे बसवतोस, आता तरी एक उंच स्टूल घे. गुडघ्याचं मला कुणी सांगितलं ते पुढे येईलच.

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट दोनदा उलटसुलट केलं असशील. फाडू नकोस एवढीच विनंती. शेवटपर्यंत वाच, मग काय करायचं ते कर.

तर आधी बातमी. गेल्या आठवड्यात वहिनी मुलांना घेऊन चार दिवस माहेरी गेल्या होत्या ना, त्या माहेरी गेल्याच नव्हत्या. माझ्याकडे आल्या होत्या. कदाचित तुला हे कळलंही असेल. थोरली पोटात ठेवेल, पण धाकट्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. वहिनींवर चिडू नकोस. मी बोलावलं नव्हतं, त्यांनीही आधी कळवलं नव्हतं. दुपारी स्टँडवरून फोन आला, "भावजी, आम्ही आलोय. तुमची खोली किती लांब आहे? याला शू लागलीय." इतक्या वर्षांनी कानावर पडलेलं घरचं पहिलं वाक्य हे! मी धावतच गेलो.

का आलात, असं मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. धाकट्याने म्हणे जेवताना विचारलं, "बाबांचा भाऊ मेला का?" त्या म्हणाल्या, नाही रे. तर हा म्हणतो, "मग दिसत का नाही?" तू तेव्हा ताटावरून उठून गेलास म्हणे. त्याच आठवड्यात वहिनींनी बॅग भरली.

दादा, तुझी मुलं फार गोड आहेत. हे तुला माहीत असणारच, पण मला आत्ता कळलं, म्हणून लिहितो.

तुला ठाऊक आहे, मी इथे शहरदर्शनाच्या बसवर गाइड आहे. रोज दोन फेऱ्या, रोज तेच बोलणं. उजवीकडे पाहा, तळं. डावीकडे पाहा, घड्याळांचं संग्रहालय. इतकी वर्षं पोपटपंची करून मला हे गाव दिसायचंच बंद झालं होतं. तुझ्या पोरांनी ते पुन्हा दाखवलं. आमचं गाव तसं एका दमात बघून होईल एवढंच. चहूबाजूंनी डोंगर, मध्ये वाटीत सांडल्यासारखी घरं. पण मुलांना घेऊन यावं असं गाव दुसरं नाही, हे मी आता पगारासाठी म्हणत नाही.

पहिल्या दिवशी तळ्यावर गेलो. तिथे बदकाच्या आकाराच्या पायडलच्या बोटी आहेत. वहिनींना वाटलं, आपण काठावर बसून स्वेटर सांभाळायचे. थोरलीने त्यांना ओढून बोटीत बसवलं आणि मग जे झालं ते बघायला तू हवा होतास. वहिनी असल्या जोराने पायडल मारायला लागल्या, की शेजारची दोन बदकं मागे पडली. बोटवाला काठावरून ओरडतोय, "बाई, शर्यत नाही ही!" आणि वहिनी आणखी जोरात. उतरल्यावर पाय लटपटत होते, पण तोंडावर असं हसू, की मला त्या तुझ्या लग्नातल्या दिसल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना माझ्याच बसमध्ये पुढच्या सीटवर बसवलं. थोरली वही घेऊन बसली आणि माझ्या चुका काढायला लागली. तळ्याची खोली पाटीवर वेगळी आहे. रोपवे सुरू झाल्याचं साल वेगळं आहे. मनोऱ्याला दोनशे सोळा नाही, दोनशे चौदा पायऱ्या आहेत, बसस्टॉपवरच्या फलकावर तसं लिहिलंय. आमचा ड्रायव्हर आरशातून बघून म्हणाला, "काय गाइड, नोकरी गेली बरं का तुमची." बसभर लोक हसले. मलाही इतकं बरं वाटलं! दादा, ती बोलताना चष्मा नाकावर जसा वर सरकवते ना, अगदी तू.

घड्याळांच्या संग्रहालयात बाराच्या ठोक्याला सगळी घड्याळं एकदम वाजतात. धाकटा कान झाकून मधोमध उभा राहिला आणि संपल्यावर रखवालदाराला म्हणाला, "परत." रखवालदार म्हणाला, एक तास थांब. हा खरंच तासभर थांबला. एकाच ठोक्यासाठी! डोंगरी शेळ्यांच्या कुंपणापाशीही तसंच. इतर मुलं पाला देऊन पुढे जात होती, हा एका म्हाताऱ्या बोकडाशी दहा मिनिटं बोलत राहिला. काय बोललास, विचारलं तर म्हणतो, "ते आमचं आहे." सकाळी मला तुम्ही-तुम्ही करत होता, बोकडापासून तू-तू करायला लागला.

रोपवेत वहिनींनी डोळे मिटले ते वर पोहोचेपर्यंत उघडले नाहीत. मला म्हणाल्या, "भावजी, तुम्ही सांगत राहा, मी ऐकत बघते." मग मी सांगत राहिलो. खाली झाडांचे शेंडे, वाळत घातलेल्या चादरी, शाळेच्या मैदानावर मुंगीएवढी मुलं. रोजच्या बसमधलं एकही वाक्य त्यात आलं नाही.

इथपर्यंत लिहून मी पेन खाली ठेवला होता, दादा. चहा करून प्यायलो. पुढचं लिहायचं म्हणूनच तर हे पत्र आहे, आणि मी बदकं आणि बोकड लिहीत बसलोय.

तिसऱ्या दिवशी मुलांना मनोऱ्यावर जायचं होतं. मी तो यादीतून आधीच गाळला होता. बस तिथे थांबते तेव्हाही मी उतरत नाही. माहिती दारातूनच सांगतो. मुलांना म्हटलं, मनोरा बंद आहे, रंगकाम चाललंय. थोरलीने मान वर करून पाहिलं. वरच्या गच्चीवर पाचसहा माणसं होती, एकीच्या हातात फुगा होता. ती म्हणाली, "काका, ते सगळे रंगारी आहेत का?"

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "भावजी, तो हाच ना?"

मी मान हलवली.

मला वाटलं, त्या मुलांना घेऊन परत फिरतील. पण त्या म्हणाल्या, "चला मग. सगळेच चढू." आणि पदर खोचून पुढे झाल्या. मुलं तर केव्हाच वळणाआड गेली होती, थोरलीचं मोजणं तेवढं ऐकू येत होतं. तिसऱ्या खिडकीपाशी एक दगडी कट्टा आहे. तिथे माझे पाय थांबले. बसलो, आणि वहिनींना सगळं सांगितलं. तेच आता तुला सांगतो.

बाबा गेले तेव्हा तू मला विचारलंस, "त्यांचं हृदय असं असताना तू त्यांना वर नेलंस कसं?" मी म्हणालो, मला माहीत नव्हतं. पुन्हा विचारलंस, मी पुन्हा तेच म्हणालो. तू म्हणालास, तू मारलंस त्यांना. मी सगळ्यांसमोर रडलो, लोक मलाच बरोबर म्हणाले आणि तू एकटा पडलास.

मला माहीत होतं, दादा.

त्या कट्ट्यावर बाबा धापा टाकत बसले. मी पाणी दिलं. तेव्हा म्हणाले, "डॉक्टरने जिना बंद केलाय मला. इथे चढलो ते तुझ्या दादाला बोलू नकोस, डोक्यावर बसेल माझ्या." मी म्हटलं, बाबा, मग खाली जाऊ या. तर म्हणाले, "तीस वर्षं पाण्याच्या टाकीवर दिवसातून दोनदा चढलोय मी. हा काय जिना आहे? तू जा खाली, मी येतो बघून."

मी त्यांना अडवू शकलो असतो. दंड धरून खाली आणलं असतं तर ओरडले असते, पण आले असते. मी नाही अडवलं. मी हसलो आणि त्यांची पिशवी माझ्या खांद्यावर घेतली. का, ते मी वहिनींनाही नीट सांगू शकलो नाही. तुझं दुकान त्यांनी रोज पाहिलं होतं. मी मात्र दुकान सोडून पळालेला. माझं काम बघायला ते पहिल्यांदा आले होते. वरून माझ्या बसचा सगळा रस्ता दिसतो, तळ्यापासून रोपवेपर्यंत, एका दोरीसारखा. तो त्यांना दाखवायचा होता मला. एवढंच. एवढ्यासाठी मी त्यांना आणखी दीडशे पायऱ्या चढू दिलं.

वर ते किती खूश होते, हे तुला कधी सांगताच आलं नाही, कारण ते सांगायचं तर हेही सांगावं लागलं असतं. त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला, रस्ता बघितला, म्हणाले, "बरा आहे की रे तुझा रस्ता." मग दुर्बीण फिरवत आमच्या गावाची पाण्याची टाकी शोधून काढली आणि भडकले. "चुकीच्या टेकडीवर बांधलीय! खालच्या आळीला दाब कसा मिळणार? कोण गाढव होता इंजिनियर?" बाजूच्या माणसाला धरून त्यालाही समजावून सांगितलं. तो बिचारा फिरायला आलेला, हो हो म्हणत राहिला. दादा, खालच्या आळीला खरंच पाणी पोहोचत नाही. बाबांनी ते दोन मिनिटांत दुर्बिणीतून ओळखलं. असा माणूस!

मग आम्ही उतरलो. खाली तिकिटाच्या खिडकीशेजारी बाक आहे, तिथे बसले. चहा सांग म्हणाले. मी चहा घेऊन आलो तेव्हा मान एका बाजूला कलली होती. आधी वाटलं, डुलकी लागली.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. त्या रागावल्या नाहीत, समजूतही घातली नाही. मुलं वरून हाका मारायला लागली, तेव्हा उठून म्हणाल्या, "हे मी त्यांना सांगणार नाही. तुमचं तुम्ही लिहा. आणि मी कुठे गेले होते, तेही तुम्हीच लिहा. विचारलं तर मी नाही म्हणणार नाही." मग उरलेल्या पायऱ्या आम्ही चढलो. बाबा गेले तेव्हा थोरली वहिनींच्या पोटात होती, आणि आता ती गच्चीच्या कठड्याशी उभी राहून मला सांगत होती की मी इतकी वर्षं लोकांना दोन पायऱ्या फुकट जास्त चढवल्या.

तुझ्याकडे काही मागायचं नाही. माफी मागितली तर ती तू द्यावीस असं होईल, म्हणून तीही मागत नाही. तू खरं बोलला होतास आणि मी खोटं, एवढं तुझ्या हातात लेखी असावं.

मुलांना गोड पापा. वहिनींना नमस्कार सांग. अशी बाई तुझ्या घरात आहे, तुझं भाग्य मोठं.

तुझा खोटं बोललेला,
धाकटा भाऊ


दि. २७ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. दुकानात वाचलं, मग शटर अर्धं ओढून पुन्हा वाचलं. तुझ्या वहिनीवर अर्धा दिवस रागावलो. मग तिने विचारलं, "झालं का?" झालं होतं.

मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. थोडक्यात लिहितो.

डॉक्टरांनी बाबांना जिना बंद केला तेव्हा त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मी बसलो होतो. उंचावरच्या गावी शक्यतो पाठवू नका, असंही ते म्हणाले होते. आठवड्याभरात बाबा म्हणाले, धाकट्याकडे जाऊन येतो. मी नको म्हटलं. ते म्हणाले, तू काय माझा बाप आहेस का? मग मीच त्यांना गाडीत बसवून दिलं. खिडकीतून हात हलवला त्यांनी. तुला एक फोन करून सांगायला हवं होतं, जप त्यांना. केला नाही. तू दुकान सोडून गेलास त्याचा राग होता. वाटलं, त्याचं तो बघेल.

तुला जे बोललो ते मला कुणी बोलण्याच्या आत बोललो. तू "माहीत नव्हतं" म्हणालास तेव्हा ते खरंच असणार असं मी मनात धरलं होतं, कारण सांगायचं मीच राहिलो होतो. म्हणून तर तुझ्यासमोर यायची हिंमत झाली नाही. अकरा वर्षं तू मला एकटा पडलेला समजलास. मी लपलो होतो.

टाकीचं वाचून मोठ्याने हसलो. गिऱ्हाईक दचकलं. त्याला सगळं सांगितलं. मग डोळे पुसायला त्याच्याच चष्म्याचं फडकं घेतलं.

शुक्रवारी दुपारच्या गाडीने येतोय. एकटाच. गुडघा बरा आहे, आणि नसला तरी चढणार आहे, तू अडवू नकोस.

स्टँडवर घ्यायला ये. तू आता कसा दिसतोस ते मला माहीत नाही, आणि गर्दीत आपली चुकामूक होईल अशी मला भीती वाटते. थोरली म्हणते, काका जुन्या व्हिडिओतल्या आजोबांसारखे चालतात, एक खांदा पुढे काढून. तेव्हा एका जागी उभा राहू नकोस. माझ्याकडे चालत ये. मी ओळखेन.

तुझाच,
दादा