रिले बाबांनी पाहिला

ता. ३, मंगळवार

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे, गाडी सोडून. बाबांची गाडी आठ दिवस झाले सुरू होत नाही. सेल मारला की इंजिन जोरात फिरतं, घरघरतं, सगळी गल्ली खिडकीत येते, पण पेट काही घेत नाही. आणि वीस तारखेला मला शाळेत हजर व्हायचंय. बस सहा किलोमीटर अलीकडेच वळते. त्या दिवशी हजर झालं नाही तर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावतील, असं नेमणुकीच्या पत्रात स्पष्ट आहे. बाबांनी तर पत्र आलं त्याच दिवशी गल्लीभर सांगून टाकलं होतं की आमच्या घरातली पहिली पदवीधर माझ्या गाडीतून नोकरीवर जाईल.

गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याला सगळे ठोक्या म्हणतात आणि ते नाव त्याने मेहनतीने मिळवलंय. बॉनेट उघडायच्या आतच त्याने बॅटरी बदला म्हणून सांगितलं. मी विचारलं, सेल एवढा जोरात फिरतोय तर बॅटरी मेली कशी? तर म्हणे, ताई, हे पुस्तकात नसतं. मग पान्याने कुठेतरी दोनदा ठोकलं, चहा प्यायला आणि गेला. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला. त्याने तर प्लगसुद्धा काढून पाहिले नाहीत. इंजिन बसलंय, भंगारात द्या, गिऱ्हाईक मी आणतो, एवढं सांगून मोकळा. शेजारचे हेडक्लार्क काका आयुष्यात सायकलपलीकडे गेले नाहीत, पण गॅलरीतून ओरडून सांगतात की गाडीला ऊन दाखवा. मी म्हटलं, काका, ही गाडी आहे, गादी नाही. तेव्हापासून बोलत नाहीत. बरंच झालं.

शेवटी मी ग्रंथालयातून पुस्तक आणलं आणि एक वही केली. इंजिन पेटायला ठिणगी लागते आणि पेट्रोल लागतं. त्यातलं कुठलं अडलंय ते पायरीपायरीने शोधायचं, आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कशापुढेही बरोबरची खूण करायची नाही. या लोकांनी एवढं जरी केलं असतं तरी निम्मी भंगाराची दुकानं बंद पडली असती.

बाबांचे आशीर्वाद. त्यांचे हात ग्रीसचे आहेत, म्हणून मीच लिहिते. लोभ आहेच, तो गाडीसारखा मधेच अडू नये ही विनंती.

तुझी,
धाकटी


ता. ६, शुक्रवार

चि. मास्तरीणबाईंस,
अनेक आशीर्वाद.

पत्र शिलाई मशीनवर बसूनच वाचलं. ठोक्या मूर्ख, इलेक्ट्रिशियन चोर, काका रिकामटेकडे, जगात शहाणी तेवढी तू. छान. माझ्याकडेही बायका कपडे उसवून आणतात आणि आधीच्या शिंप्याला शिव्या घालतात. नीट पाहावं तर शिवण सरळ असते, बाईनेच माप देताना पोट आत ओढलेलं असतं.

मला एवढंच सांग, बाबा काय म्हणतात? तीस वर्षं दवाखान्याची गाडी चालवली त्यांनी. गल्लीच्या त्या टोकाला गाडी वळली तरी आवाजावरून तिचं दुखणं सांगायचे. तुझ्या चार पानांत त्यांचं मत कुठेच नाही. आणि वहीत काय काय तपासलंस तेही लिही. मला कळणार नाही असं समजू नकोस.

जेवणाची आबाळ करू नकोस, आणि जिभेवर थोडं तेल सोड. आठवण ठेव.

ताई


ता. ९, सोमवार

ति. ताईस,
सा. न. वि. वि. टोमणे पोचले.

वही अशी आहे. सेल जोरात फिरतो, म्हणजे बॅटरी चांगली. पाहिलं. चारही प्लग काढून एकेक धातूला टेकवला, निळी ठिणगी पडते. पाहिलं. टाकीत पेट्रोल आहे, गाडी हलवली की डुचमळतं. पाहिलं. किल्ली फिरवली की मागच्या सीटखालचा पंप दोन सेकंद गुणगुणायला हवा. सीटला कान लावून बसले, काही नाही. म्हणजे पेट्रोल इंजिनपर्यंत जातच नाही! फ्यूज शाबूत. पाहिलं. फ्यूजनंतर येतो रिले. काडेपेटीच्या निम्म्याएवढा काळा ठोकळा असतो, बॉनेटखालच्या डबीत बसतो आणि पंपाला वीज सोडतो. रिले बाबांनी पाहिला. म्हणजे उरला पंप. या जुन्या गाडीचा पंप मागवावा लागेल, तो पंचवीस तारखेच्या आत येत नाही. तोवर माझ्या जागेवर दुसरी कुणीतरी हजेरी घेत असेल.

आता बाबांचं. लिहायला लाज वाटते, पण मला त्यांची कीव येते. तीस वर्षं गाडी हाकली आणि आता बॉनेटशेजारी उभे राहून नुसतं कोण जाणे, म्हणतात. जुनी झाली बिचारी, म्हणतात. त्या ठोक्यासमोर मान डोलावतात! इलेक्ट्रिशियन रिलेची डबी उघडायला गेला तर झाकणावर हात ठेवून म्हणाले, ते मी पाहिलंय, तू दुसरं बघ. काल मी चिडून बोलले की स्टिअरिंग फिरवणं म्हणजे ज्ञान नव्हे, तुम्ही गाडी चालवलीत, ती तुम्हाला कळली कधीच नाही. ते शर्टाच्या खिशातलं चष्म्याचं घर चाचपत आत गेले. नवा चष्मा करून आणलाय, तो लावत नाहीत, घर मात्र खिशात घेऊन हिंडतात.

बाबांचे आशीर्वाद. आज विचारलेले नाहीत, पण असतीलच. रागावली असशील तरी लोभ कमी करू नकोस.

धाकटी


ता. १२, गुरुवार

चि. धाकटीस,
आशीर्वाद आज हात राखून.

तुझी वही तूच पुन्हा वाच. पाहिलं, पाहिलं, पाहिलं, आणि मधेच बाबांनी पाहिला. गल्लीतल्या झाडून सगळ्यांवर संशय घेतलास. ज्या माणसाला गाडी कळत नाही असं तोंडावर सांगितलंस, नेमक्या त्याच्याच शब्दावर खूण केलीस. कसली गं पदवी तुझी?

आता माझी वही ऐक, न शिकलेल्या बाईची. मागे मी माहेरी आले होते तेव्हा बाबांना सुईत दोरा ओवून मागितला, तर म्हणाले सुई वाकडी आहे. चहा कपाबाहेर ओतला आणि शिव्या कपाला दिल्या. फाटकात उभ्या असलेल्या दूधवाल्याला माझ्या नावाने हाक मारली. आणि सहा महिने झाले, तुझ्या पत्राच्या तळाशी त्यांच्या दोन ओळी नसतात. दरवेळी हात ग्रीसचे. गाडी बंद पडून पंधरा दिवस झाले, सहा महिने कसलं ग्रीस?

तीस वर्षं त्यांनी आजारी माणसं नेली, एकालाही धक्का लागू दिला नाही. तो माणूस पोटच्या पोरीला न दिसणाऱ्या रस्त्याने रोज नेईल? आणि गल्लीभर सांगून बसल्यावर आता मला दिसत नाही, असं म्हणेल? त्यापेक्षा गाडी मेली म्हणणं सोपं.

डबी उघड. कॉलेजात असताना काढलेला तुझा वाहन परवाना पेटीत पडून आहे, तीही उघड. तोंड मात्र उघडू नकोस, ते फार झालंय. बावीसला, रविवारी, मी येते आणि त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते.

लोभ आहे, म्हणून एवढं बोलले.

ताई


ता. १८, बुधवार

ति. ताईस,
सा. न. वि. वि. या वेळचा साष्टांग खरोखरचा.

डबी उघडली. सगळीकडे वर्षानुवर्षांची धूळ आणि मधे रिलेच्या जागी एक रिकामा चौकोन. झाकण लावून टाकलं. किती वेळ बॉनेट धरून उभी होते कोण जाणे.

मग बाबांना म्हणाले की मला मोठ्या रस्त्याची भीती वाटते. शेजारी बसून शिकवाल का, रोज, शाळेपर्यंत? त्यांनी फडक्याला बराच वेळ हात पुसले. म्हणाले, परवाना म्हणजे कागद, ड्रायव्हर वेगळा. कागदवाले पुष्कळ पाहिलेत. मी म्हटलं, म्हणूनच विचारतेय. ते फडकं खांद्यावर टाकून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली आले तर बाबा आधीच शेजारच्या सीटवर बसलेले. किल्ली लावलेली. नाकावर चष्मा, आणि चष्म्याचं घर समोर उघडं, रिकामं, आत काडेपेटीच्या निम्म्याएवढा काळा चौकोनी डाग. मी किल्ली फिरवली. मागे दोन सेकंद गुणगुण झाली आणि पहिल्याच सेलला गाडी पेटली. काका गॅलरीतून ओरडले की बघा, उन्हाचा गुण. बाबांनी त्यांना दिलेलं उत्तर पत्रात लिहिता येत नाही. मला म्हणाले, सगळे गाढव आहेत, गाडीला चार दिवस विश्रांती हवी होती हे एकालाही कळलं नाही, तुझ्या पुस्तकालाही नाही. मी म्हटलं, नाहीच कळलं.

काल शाळेपर्यंत जाऊन आलो. दोनदा गाडी बंद पडली, दोन्ही वेळा माझ्यामुळे. इतका निर्बुद्ध पाय त्यांनी तीस वर्षांत पाहिला नव्हता. ताई, त्यांच्या तोंडून शिव्या ऐकून किती बरं वाटलं सांगू! त्यांनी एक नियमही काढलाय, ड्रायव्हरने रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायची. मी वाचते. ते ताडून पाहिल्यासारखी मान हलवतात.

वहीतली रिलेची ओळ खोडणार होते, पण ती तशीच ठेवलीय. शब्द न् शब्द खरी आहे.

आज पत्र त्यांच्यापुढे केलं. ग्रीसचं नाव काढलं नाही, पेन मागितलं. अक्षर रेघ सोडून गेलंय, तू लावून घेशील. परवा हजर होते. तुझा लोभ असाच कडक राहो.

धाकटी

ही क्लच तुडवते. हॉर्न देत नाही. पाट्या बरोबर वाचते. शिंपीणबाईंनी रविवारी यायची काही गरज नव्हती. पण यावं.

बाबा