बक्कल आलं की विचारायचं नाही

सरावली, बोईसर
११ नोव्हेंबर

प्रिय मितेश,

सोमवार, ४ नोव्हेंबर, दुपारी दोन वाजून पन्नास मिनिटं. तक्रार लिहायची तर आधी तारीख आणि वेळ, रडगाणं मागाहून, असं आम्हाला कॉन्व्हेंटात मदरने शिकवलं होतं. त्या वेळी निवडणूक कचेरीत जयवंतीने उमेदवारी मागे घेण्याच्या कागदावर सही केली. मुदत तीनला संपत होती. तुझ्या साहेबांचं कुठलंही काम मुदतीच्या आत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

फोनवर तू म्हणालास, आत्या, राजकारणात हे चालतंच, तू मनाला लावून घेऊ नकोस. म्हणून आता फोन नको. फोनवर तू गोड बोलतोस, मी चिडते, आणि शेवटी तूच मला बीपीची गोळी घेतलीस का म्हणून विचारतोस. कागदावर माझं बोलणं तुला मध्येच तोडता येणार नाही.

जयवंती कोण हे तुला ठाऊक आहे, पण तू ते विसरल्यासारखा वागलास म्हणून पुन्हा सांगते. मासवणच्या पलीकडच्या पाड्यावरची सून. मी आरोग्य केंद्रात सिस्टर होते तेव्हा ती आशाताई म्हणून लागली. पावसाळ्यात ओढा चढला की गरोदर बाईला डोलीत घालून अलीकडे आणणारी ती, आणि जीप घेऊन अलीकडे थांबणारी मी. यंदा पाड्यांवरच्या बायांनीच तिला आमदारकीला उभं केलं. मागणं एकच, पाड्यापर्यंत गाडी येईल असा रस्ता. आपली जागा आदिवासींसाठी राखीव आहे, तू ज्यांचा प्रचार करतोस ते तुझे साहेबही त्यांच्यातलेच, हे मला कळतं. पण साहेब गेल्या वेळी पाड्यावर जेवायला बसले तेव्हा पाण्याची बाटली गाडीतून आणली होती, हे बायांना माझ्याहून जास्त लक्षात आहे.

अपक्षाला दहा सूचक लागतात. नऊ बाया पाड्यांवरच्या आणि दहावी मी. जयवंतीने आशाचं काम सोडलं, कारण तिला दोन दगडांवर पाय नको होता. मी तिला म्हटलं, बये, निवडून यायची नाहीस. ती म्हणाली, ठाऊक हाय, पन मोजतील तर खरा. आमी किती हाय ते एकदा त्यांना मोजू दे. मितेश, एवढ्या वर्षांत कुठल्याही सभेत मी इतकं शहाणपणाचं वाक्य ऐकलं नाही. माझ्या खिडकीखालून रोज चार रिक्षा भोंगे लावून जातात, त्यात तर नाहीच नाही. निशाणी काय मागायची यावर त्यांचा आठवडा गेला. जयवंतीची धाकटी जाऊ भागी, पोट पुढे घेऊन बसलेली, फणसावर अडून होती. फणस आंधळ्यालाही हाताने कळतो, म्हणे. सगळ्या इतक्या हसल्या की येसूबाई, त्या दोघींची सासू, आतून ओरडली, इलेक्शन हाय का हळद हाय.

मग भाऊबीज आली. आत्मारामदादाला घेऊन तू रविवारी आलास. मी दादाला ओवाळलं, तुलाही ओवाळलं, कारण तू मला मुलासारखा. तू शोकेसजवळच्या खुर्चीत बसून करंजी खात होतास आणि मला विचारलंस, आत्या, हे बक्कल अजून चालतं का गं पाड्यावर? मी म्हटलं, मी मेले तरी चालेल. किती फुशारले होते मी.

त्या बक्कलाची गोष्ट तू लहानपणापासून ऐकलीस. माझ्या नर्सच्या पट्ट्याचं चांदीचं बक्कल. नर्सिंग पास झाले तेव्हा तुझ्या आजोबांनी माहीमच्या वाडीतली सुपारी विकून करून दिलेलं. मी कामावर लागले त्या सुमाराला एका वीटभट्टीच्या मुकादमाने, डॉक्टरनी बोलावलंय, असं सांगून पाड्यावरच्या बाया ट्रकमध्ये घातल्या आणि भट्टीवर नेल्या. त्यानंतर कुठलीही गाडी दिसली की बाया रानात पळायच्या, आमची जीप दिसली तरी. एक बाळंतीण तशीच रानात दगावली. तेव्हापासून मी जीपच्या ड्रायव्हरकडे, भगवंतकडे, माझं बक्कल द्यायला लागले. ज्याच्या हातात सिस्टरचं बक्कल, त्याच्याबरोबर निघायचं. विचारायचं नाही, कारण विचारण्यात वेळ जातो आणि तेवढ्या वेळात बाई जाते. जयवंती स्वतः पहिल्या खेपेला त्या बक्कलावरच आली होती. पुढे आशाताई झाल्यावर पाड्यावर आलेल्या प्रत्येक नव्या सुनेला तिने हेच शिकवलं. तू सोमवारी दुपारी ते हातात धरून तिच्या दारात उभा राहिलास, आणि आत्याने पाठवलंय, अर्ज मागे घ्यायचाय, कारण ती नंतर सांगेल, असं म्हणालास. तिने तव्यावरची भाकर येसूबाईवर सोपवली आणि तुझ्या गाडीत बसली. तुझं तोंड पाहून नाही बसली. तुझं तोंड पाहिलं असतं तर निदान विचारलं असतं.

कचेरीत अधिकाऱ्यांनी तिला रीतसर विचारलं, स्वखुशीने घेताय का? ती हो म्हणाली. त्यांचा दोष नाही.

मी सूचक बायांना घेऊन तीनच्या सुमाराला तिथे पोचले. आम्ही फणस मिळतो का ते बघायला आलो होतो. जयवंती पायऱ्या उतरत होती. माझ्यापाशी आली, पदराच्या गाठीतून बक्कल काढून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, “सिस्टर, तुमी सांगलात तसा केला. इचारला नाय.” मला आधी काही कळेचना. मी म्हटलं, मी कुणालाही पाठवलं नाही. मागे नऊ बाया उभ्या होत्या. मग ती म्हणाली, “पन बक्कल तं तुमचाच हाय ना?”

हो, माझंच होतं. मी आत जाऊन अधिकाऱ्यांशी भांडले. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की, एकदा मागे घेतलेली उमेदवारी परत पुढे येत नाही. मी बाहेर आले तोवर बाया रिक्षाने निघून गेल्या होत्या. माझ्यासाठी कुणी थांबलं नव्हतं.

रात्री तू फोनवर म्हणालास, ती निवडून थोडीच येणार होती, नुसती आमची मतं खाल्ली असती. तुमची कधीपासून झाली रे ती? नंतर म्हणालास, साहेब निवडून आले की रस्ता पहिला तिचाच. तुझ्या साहेबांचे पहिले रस्ते आम्ही तीन निवडणुका मोजतोय. निकालाबद्दल मला आता काही वाटत नाही. तुझे साहेब येतील, नाहीतर त्यांच्यासारखेच दुसरे येतील, आणि ओढ्यावर पुन्हा डोली लागेल. इथल्या कंपन्यांमधून सुटलेली शिफ्टची पोरं, ज्यांची मतं त्यांच्या गावी आहेत, ती बिर्याणीसाठी तुमच्या मिरवणुकीत नाचतात. माताजी, कौन खड़ा है? असं एकाने परवा मला विचारलं. मी म्हटलं, सगळे बसलेलेच आहेत बाबा. त्याला कळलं नाही ते बरंच झालं.

शुक्रवारी मी पाड्यावर गेले. चहा दिला, खुर्ची दिली. माझ्या बाजूला खाली कुणी बसलं नाही. पाड्यावर दोन मतं आहेत. काही म्हणतात, सिस्टरनेच आपल्या भाच्याशी संधान बांधलं, शेवटी रक्ताचा माणूस. काही म्हणतात, सिस्टर चांगली, पण तिचं बक्कल आता कुणाच्याही हातात जातं. कुठलं मत वाईट ते तूच ठरव, मला ठरवता आलेलं नाही. जयवंती कोपऱ्यात तांदूळ पाखडत होती, तिने मान वर केली नाही. तिच्या जागी दुसरी आशा आली आहे, परगावची. येसूबाई मला पोचवायला अंगणापर्यंत आली आणि शांतपणे म्हणाली, “सिस्टर, आता बक्कल पाठवू नका. आमी इचारल्याबगर कोठं जानार नाय.” येसूबाई, हेच बरोबर आहे, असंच तिला सांगायला हवं होतं. पण मला दाराशी उभी भागी दिसली.

आता ऐक, हे पत्र मी जयवंतीच्या निवडणुकीसाठी लिहीत नाही. ती निवडणूक गेली. भागीला आठवा संपत आलाय. तिचे पाय सुजलेत, तोंड सुजलंय, डोकं दुखतंय म्हणते आणि डोळ्यांपुढे काजवे येतात म्हणते. याचा अर्थ मला विचारू नकोस, कुठल्याही डॉक्टरला विचार, तो खुर्चीतून उठेल. मी दंडाला बीपीचा पट्टा बांधायला गेले तर तिने हात मागे घेतला. मी म्हटलं, मी स्वतः नेते तुला, माझ्याबरोबर चल. ती म्हणाली, “तुमी नेशाल, नि तिथं कोन माजी सही घेल?” काल केंद्रातले डॉक्टर गाडी घेऊन गेले. गाडीचा आवाज ऐकून ती रानात पळाली. इतक्या वर्षांनी, मितेश, पुन्हा रानात. म्हणून तू मला लिहून द्यायचं आहेस, स्वतःच्या हाताने, टाईप केलेलं नको: भाऊबीजेच्या दिवशी आत्याच्या नकळत मी बक्कल उचललं, सोमवारी जयवंतीशी खोटं बोललो, आत्याने मला पाठवलं नव्हतं. खाली सही. जयवंतीला वाचता येतं, ती ते पाड्यासमोर वाचेल. मतदानानंतर दिलंस तर फाडून टाकीन. तेव्हा खरं बोलायला तुला काही किंमत मोजावी लागणार नाही आणि ते पाड्यावर बरोबर ओळखतील. तू देशील असं मला वाटत नाही. दिलंस तरी भागी गाडीत बसेल असंही वाटत नाही. पण तिच्या दारात जायला माझ्याजवळ दुसरं काहीही उरलेलं नाही, आणि रिकाम्या हाताने गेले तर ती पुन्हा पळेल. पत्र दादाच्या हाती आज पाठवते आहे. तुझं उत्तर मला लेखी हवं, बुधवार, १३ नोव्हेंबर, सकाळी दहाच्या आत, सरावलीला, माझ्या हातात.

अजून तरी तुझीच,
आत्या