पहिल्या रांगेतली

ताई,

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं, तर तू शेजारीपाजारी कौतुकाने दाखवतेस ते माझे सगळे फोटो खोटे ठरतील.

आमच्या इंग्रजीच्या वर्गाची दर शनिवारी सहल असते. निघताना ग्रुप फोटो काढतात. मी पहिल्या रांगेत दात काढून उभी राहते. मग इंग्रजीत गप्पा सुरू झाल्या की मी गुपचूप खोलीवर पळते. आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आज तळ्यावर होड्या होत्या. मी नेहमीसारखी सटकले, फोन बंद केला, पांघरूण घेऊन पडले. तिकडे होड्या परतल्यावर बाईंनी डोकी मोजली, तर एक कमी!

संध्याकाळी दार वाजलं. बाहेर अख्खा वर्ग, गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेला. हाका मारून बाईंचा आवाज बसला होता. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं गं. त्या नुसतं म्हणाल्या, "आहेस."

सोमवारी कुठल्या तोंडाने वर्गात जाऊ?

आजचा फोटो मात्र मागू नकोस. तोच दाखवत बाई प्रत्येक होडीवाल्याला विचारत होत्या, "हिला कुठे पाहिलंत का?"

तुझीच,
धाकटी