काटकोनात बुजवलेली खिडकी

प्रति,
मा. देखभाल अधिकारी,
कर्मचारी वसाहत कार्यालय, तळमजला.

विषय : खोली क्र. १७ मधील खिडकीभोवतीचा गिलावा फोडून टाकण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज, ज्यांवर आपल्या कार्यालयात चहाचे पेले ठेवले जातात (अर्जदाराने स्वतः पाहिले आहे).

महोदय,

१. सविनय सादर की, अर्जदाराच्या खोलीची खिडकी भिंतीबाहेर काढलेली आहे. समोर एक तावदान, दोन्ही बाजूंना तिरकी दोन. तिच्याभोवतीचा आतला गिलावा ओलीने फुगून पडला, म्हणून अर्जदाराने दुरुस्ती मागितली. ही बुद्धी कोठून सुचली, देव जाणे.

२. आपले गवंडीकाका माणूस कसबी. पहिल्याच खेपेस त्यांनी तिरके कोपरे असे घोटून दिले की हात फिरवत राहावेसे वाटे. परंतु तपासणीस साहेबांनी पिशवीतून काटकोन तपासायचा गुण्या काढून कोपऱ्याला लावला. तो बसला नाही. गवंडीकाका म्हणाले, "साहेब, खिडकीच तिरकी आहे, गुण्या बसेल कसा?" साहेब म्हणाले, "तक्त्यात लिहिलंय, कोपरा काटकोनात. फोडा." दुसऱ्या खेपेसही हेच. सिमेंटची ढेकळे सासूबाईंच्या अंथरुणात व पाण्याच्या तांब्यात पडली.

३. तिसऱ्या खेपेस गवंडीकाकांचे डोके फिरले. "घ्या तुमचा काटकोन!" असे म्हणून त्यांनी दोन्ही तिरक्या तावदानांपुढे विटांचे तुकडे रचले, वर माल थापला आणि कोपरे सरळ केले. तावदाने आत गाडली गेली. गुण्या बसला. साहेबांनी "काम उत्तम" असा शेरा मारला व सिगारेट ओल्या गिलाव्यात खुपसून विझवली. थोटूक तेथेच सुकले. आजवर जेवताना ते समोर दिसे, म्हणून अर्जदार भिंतीकडे पाठ करून जेवत असे. शी! कार्यालयीन भाषेत याहून सभ्य शब्द अर्जदारास सापडला नाही.

४. उजव्या तावदानातून कचराकुंडी दिसे, तिच्याबद्दल तक्रार नाही. डाव्यातून गल्लीपलीकडची खिडकी दिसे. तेथे सासूबाईंची धाकटी बहीण राहते. सासूबाई खाटेवरून उठू शकत नाहीत. एका शिवणयंत्रावरून दोघींत अकरा वर्षे अबोला आहे आणि माघार कोणीच घेत नाही. मात्र रोज सकाळी आठला मावशी खिडकीत येऊन हात वर करीत, मग सासूबाई इकडून करीत. "जिवंत आहे का बघते, बाकी काही नाही," असे दोघीही म्हणत.

५. गिलाव्यानंतर तिसऱ्या दिवशी मावशींचा निरोप शेजारणीबरोबर आला : "शेवटी भिंतच घातलीस ना माझ्या तोंडावर? बरं झालं." आम्ही तो सासूबाईंना कळू दिला नाही. अर्जदार समजूत घालण्यास गेला, तर दार उघडले नाही. आता ती खिडकीही बंद असते. सासूबाई मात्र रोज अर्जदारास गल्लीत उतरून पाहण्यास पाठवतात व विचारतात, "केला का हो तिनं हात?" अर्जदार "केला" म्हणतो. त्याला स्वतःचीच किळस येते.

६. हे सर्व कळवूनही आपल्या कार्यालयाने तोंडी उत्तर दिले की, हात वर करणे ही बाब नकाशात दर्शविलेली नाही. धन्य आहे! तरी अर्जदारास दुरुस्ती नको, रंग नको, तपासणीस तर मुळीच नको. फक्त फोडण्याची परवानगी द्यावी. न दिल्यास सोमवारी सकाळी सात वाजता गवंडीकाका स्वतःची छिन्नी घेऊन येणार आहेत.

७. हे सासूबाईंना सांगितले तेव्हा त्यांना सारे आधीच ठाऊक असल्याचे उघड झाले. त्या म्हणाल्या, "तिची खिडकी बंद असू दे, तुम्ही फोडा. या वेळी आधी मी हात करीन."

आपला, सोमवारपर्यंत नम्र,
(सही)
रहिवासी, खोली क्र. १७
गुरुवार, दि. १४

सोबत : सिगारेटचे थोटूक, गिलाव्याच्या ढेकळासह, नग एक. (एवढा तुकडा विनापरवाना फोडला आहे.) तपासणीस साहेबांना परत करावे.